केंद्राकडून नगरपालिकेला

नंदा, तो अर्ज नामंजूर झाला नव्हता.

हे मी आजवर एकाही माणसाला सांगितलेलं नाही. आधी तेवढं लिहून टाकतो, म्हणजे पुढे पळवाट राहणार नाही. मुंबईची बदली मंजूर झाली होती. युनिटला तसा सिग्नल आला होता, त्यावर माझं नाव होतं, नावाचं स्पेलिंगसुद्धा कधी नव्हे ते बरोबर होतं. मीच नको म्हणालो.

अर्ज तू लिहिला होतास. आई बाथरूममध्ये पडून तिचं खुब्याचं हाड मोडलं, त्याला तेव्हा दीड महिना झाला होता. ऑपरेशनच्या कागदांवर सह्या तू केल्यास, रक्तासाठी तू धावलीस, आणि मी झारखंडहून अंबरनाथला पोचलो तोवर आई वॉकर धरून दारापर्यंत येत होती. तू मला बॅग खाली ठेवू दिलीस आणि म्हणालीस, "केंद्राची मदत नेहमीप्रमाणे पूर ओसरल्यावर." त्याच सुट्टीत, भाताचा कुकर होईपर्यंतच्या वेळात, तू तो अर्ज लिहून काढलास. सविनय निवेदन है कि. एकुलता एक मुलगा, आईचं असं झालेलं, मुलगी मुक्ता नऊ वर्षांची, बायको राज्याच्या पाणीपुरवठा खात्यात आणि तिची नोकरी इथून हलण्यासारखी नाही. तुझं हिंदी उल्हासनगरच्या बाजारातलं, म्हणून तीन ठिकाणी मी दुरुस्त केलं. कारण मात्र त्यातलं एकही दुरुस्त करावं लागलं नाही. सगळी खरी होती. म्हणूनच तो मंजूर झाला.

आमच्या केंद्रीय सुरक्षा दलात अशी बदली आली की युनिटचा हेडक्लार्क एक छापील कागद पुढे करतो. त्यावर दोन शब्द असतात, विलिंग आणि अनविलिंग. एक खोडायचा, खाली सही करायची. मी 'विलिंग' खोडला. आमचे हेडक्लार्क, बडे बाबू, बिहारचे, वयानं मोठे. त्यांनी कागद उलटा करून पाहिला, परत सुलटा केला आणि म्हणाले, साहेब, लोक या कागदासाठी देव पाण्यात घालून बसतात. मी त्यांना म्हणालो, घरच्या काही अडचणी आहेत. घरच्या अडचणीसाठी मागितलेली बदली मी घरच्या अडचणीचं नाव सांगून नाकारली. मग संध्याकाळी तुला फोन केला आणि म्हणालो, रिजेक्ट झालं.

 तू विचारलंस, "जेवलास का?"

आता कारण. मी स्वतःला सांगितलेलं कारण असं, की त्या वर्षी मी कोळसा चोरीची एक टोळी उघडकीला आणत होतो, कमांडंट साहेब म्हणाले होते की तुम्ही गेलात की केस गेली, पुढे प्रमोशन होतं, आणि मुंबईला मला एखाद्या गेटवर पास तपासत बसावं लागलं असतं. हे सगळं खरं आहे. पण हेच खरं कारण असतं तर मी तुला फोनवर हेच सांगितलं असतं. तू भांडली असतीस आणि मग तूच माझी बाजू घेतली असतीस. मला तुझी खात्री होती.

न सांगण्याजोगं कारण वेगळं होतं. मला पाहुणा म्हणून घरी यायला आवडायचं. वर्षातून दोनदा मी यायचो तेव्हा तू वालाचं बिरडं करायचीस, आई पाय दुखत असताना उठून दारात यायची, मुक्ता शाळेला दांडी मारायची. सुट्टीवर आलेल्या माणसाला कुणी गॅसचा नंबर लावायला सांगत नाही. आईची औषधं किती वाजताची, मुक्ताला गणितात कोण बसवतं, सोसायटीत कुणाशी बोलणं बंद आहे, यातलं मला काही माहीत नसायचं आणि माहीत नसण्याची सवलत होती. आठव्या दिवशी मी तुमच्या पायात यायला लागायचो, दहाव्या दिवशी माझं तिकीट असायचं. मी निघताना तुम्ही तिघी रडायचात. कायमच्या राहायला आलेल्या माणसासाठी कोण रडतं? मला भीती वाटली, नंदा. रोज संध्याकाळी पिशवी घेऊन घरी येणारा मी तुला आवडेन की नाही, याची भीती वाटली. बंदुकीची वाटली नव्हती तेवढी.

वाचून तू हसली असतीस. तू अशा वेळी आधी हसायचीस.

मला तुझं पहिलं हसणं आठवतं. उल्हासनगरला कॅम्प तीनमध्ये कॉलेजसमोर लखूशेठचं झेरॉक्स आणि टायपिंगचं दुकान होतं. मी दलाच्या भरतीचा फॉर्म भरत होतो, दोन फॉर्म खराब करून झाले होते, तिसरा विकत घेतला होता. तू मागे रांगेत, केमिस्ट्रीची जर्नल छातीशी धरून. कायमचा पत्ता लिहायच्या जागी मी सहीच ठोकली तेव्हा तू हसलीस. लखूशेठ म्हणाले, "बेटी, तू ही भर दे इसका फॉर्म. ये लडका सरकार का कागज बरबाद करेगा." तू पेन घेतलंस. म्हणजे या नोकरीत मला घातलं तू, आणि या नोकरीतून घरी आणायचा अर्जही लिहिला तूच. आज हा पहिला कागद आहे जो मी तुझ्या मदतीशिवाय लिहितो आहे. चुका असतील.

तू चामटोलीची, आगऱ्यांची. आम्ही साताऱ्याकडचे, वडील अंबरनाथला कारखान्यात लागले म्हणून इथले झालेले. आई तुझ्याशी सहा महिने नीट बोलली नाही, आणि तू त्या सहा महिन्यांत तिला सुकट खायला शिकवलंस. तुझ्या बाबांनी मात्र लग्न ठरवतानाच नेमका मुद्दा काढला होता. सगळे मानपानाचं बोलत होते आणि त्यांनी मध्येच विचारलं, "पोर माजी कुठं पन राहील. तुमी कुठं राहनार ता सांगा." सगळे हसले. मी पण हसलो. म्हणालो, सुरुवातीची काही वर्षं बाहेर, मग इकडेच. त्यांनी मान हलवली आणि पुढे पंचवीस वर्षं, ते होते तोपर्यंत, मला तो प्रश्न परत विचारला नाही. तुमच्या घरात एकदाच विचारायची पद्धत असावी.

तुला पाण्याच्या प्रयोगशाळेत नोकरी लागली तेव्हापासून मी तुला नगरपालिका म्हणायला लागलो. तू दर वेळी सांगायचीस की माझं खातं राज्याचं आहे, नगरपालिकेचा काही संबंध नाही. मग तू मला केंद्र म्हणायला लागलीस. मुक्ताला बोलायला यायच्या आधी हे दोन शब्द कळत होते. "केंद्राचा फोन आलाय, बोल." "केंद्राला सांग, निधी पोचला, आता माणूस पाठवा." मी जिथे जिथे होतो तिथे तू सुट्टीत आलीस, आणि क्वार्टरमध्ये शिरल्यावर पंखा लावायच्याही आधी नळ सोडून ओंजळीत पाणी घ्यायचीस, वास घ्यायचीस, एक घोट तोंडात घोळवायचीस. झारखंडच्या पाण्याला तू लोखंडाचा खिळा म्हणालीस. ओडिशाच्या पाण्याला म्हणालीस, बरंय, पण कुणी काळजी घेत नाही याची. तुझ्या हाताखालून बदलापूरचं पाणी जायचं. माझ्या क्वार्टरमध्ये बसून मला किती अभिमान वाटायचा हे मी तुला सांगितलं नाही. युनिटमधल्या लोकांना सांगायचो.

रिजेक्ट झालं म्हटल्यानंतर तीन आठवड्यांनी तू जे केलंस ते मात्र मला आजही नीट लिहिता येत नाही. तू बिनपगारी रजेचा नियम काढलास. दोन वर्षं मिळू शकते, मी आणि मुक्ता तिकडे येतो, आईंनाही आणू, तिकडे कॉलनीत दवाखाना आहे ना, असं म्हणालीस. माझा अर्ज बुडाला म्हणून तू तुझा तयार केलास. आणि मी तुला सांगितलं की आईला दोन दिवसांचा रेल्वेप्रवास झेपणार नाही, तिला तिथली हवा मानवणार नाही, मुक्ताची शाळा. आईचं नाव सांगून मी बदली मागितली होती, आता आईचंच नाव सांगून तुला थांबवलं. तू म्हणालीस, बरं. रजेचा अर्ज फाडल्याचा आवाज मला फोनवर ऐकू आला. की मला तसं वाटतं?

त्यानंतर लोकांना उत्तर हवं होतं आणि ते त्यांनी स्वतःच तयार केलं. नवरा तिकडे एकटा हातानं करून खातो, बायकोला नोकरी सुटत नाही. आई सुरुवातीला हे कौतुकानं म्हणायची, आमच्या सूनबाईला पाणी सुटत नाही. मग आत्या आली, साताऱ्याचे लोक आले, त्यांच्या तोंडात ते वाक्य वेगळं वाजायला लागलं. माझ्यासमोरही म्हणायचे. एका लग्नात आत्या तुला सगळ्यांदेखत म्हणाली की एवढं काय सोनं निघतं त्या नळातून. तू हसून म्हणालीस, "आत्याबाई, गढूळपणा निघतो, तो काढायलाच ठेवलंय मला." मी शेजारच्या खुर्चीवर होतो. माझ्या हातात पापड होता आणि मी तो खात होतो.

आणि मग तो शब्द. मुक्ता बारा वर्षांची असेल. मी सुट्टीवर आलो होतो, रात्रीची जेवणं चालली होती, तिनं कारल्याची वाटी पुढे ढकलली. तू तिच्याकडे न बघता म्हणालीस, "काय गं, अनविलिंग?" आणि मला विचारलंस, आमटी वाढू का.

मी तो शब्द घरात कधी काढला नव्हता. तुझ्या खात्यात तो चालत नाही. त्याआधीच्या उन्हाळ्यात तू माझ्याकडे येऊन गेली होतीस आणि बडे बाबूंच्या घरी चहाला गेली होतीस, एवढंच मला जोडता आलं. त्यांना वाटलं असेल, मॅडमना ठाऊकच असणार. मी आमटी वाढून घेतली. वाट बघितली, त्या रात्री, दुसऱ्या दिवशी, सुट्टी संपेपर्यंत. तू काही बोलली नाहीस. मुक्तानं मात्र तो शब्द उचलला. अभ्यासाला अनविलिंग, आंघोळीला अनविलिंग. आईसुद्धा म्हणायला लागली, गोळ्या घ्यायला मी आज अनइलिंग. सगळं घर हसायचं आणि मी पण त्या हसण्यात असायचो. वर्षानुवर्षं तो शब्द माझ्यासमोर ताटात पडत राहिला. तू तो मला टोचायला काढला होतास की कळवायला, हे मला तेव्हा कळलं नाही. आज वाटतं, तू मला दार उघडून दिलं होतंस. आत यायचं की नाही ते माझ्यावर ठेवलंस.

गेल्या वर्षी मी मुदतीआधी निवृत्ती घेतली. तुला वाटलं असेल, पश्चात्ताप. थोडा होता. गुडघाही होता. आपल्याला अकरा महिने मिळाले. मी घाबरलो होतो तसं काही झालं नाही. पहिल्या आठवड्यात तू माझ्या हातात पिशवी दिलीस आणि मी आणलेली भेंडी बघून म्हणालीस, ही चोरांना पकडणारी नजर? सकाळी मी तुला स्कूटरवर बदलापूरला सोडायचो. पालेगावच्या बाजूला नव्या बिल्डिंगी बघून तू रोज तेच म्हणायचीस, एवढ्यांना पाणी कुठून देणार आहेत. मी रोज म्हणायचो, तू आहेस ना. रोज संध्याकाळी मी घरी असायचो आणि तू आल्यावर माझ्याकडे बघून पाहुण्यासारखं हसायची नाहीस. नुसती चप्पल काढायचीस आणि बोलायला लागायचीस, सकाळी अर्धवट राहिलेल्या वाक्याच्या मधूनच. मला त्याचं किती सुख झालं, ते सांगायला मी तेव्हाही लाजलो. हेच मी नको म्हटलं होतं, हे रोज संध्याकाळी कळायचं.

भांडणं पण झाली, ती अर्धीच राहिली. मी पाण्याचा फिल्टर घेऊन आलो तो तू खोक्यातून काढू दिला नाहीस. म्हणालीस, मी सकाळी तपासून सोडलेलं पाणी संध्याकाळी माझ्याच घरात परत गाळायचं, असा अपमान माझ्या साहेबांनीही केला नाही. खोकं अजून माळ्यावर आहे. चामटोलीला भावाच्या शेजारी दोन खोल्या बांधायच्या की नाही, तेही राहिलं. मी म्हणायचो तिथे दवाखाना लांब आहे. तुझ्यासाठी म्हणत नव्हतो, आईसाठी म्हणत होतो. बघ, परत आईच.

बारवी धरणाच्या रस्त्यावर आपण रविवारी सकाळी चहाला जायचो. आषाढातला एक रविवार होता, टपरीवर दुसरं कुणी नव्हतं. भाताच्या खाचरांत बायका लावणी करत होत्या आणि तू त्यांच्याकडे बघत होतीस. मी म्हणालो, नंदा, तुला एक सांगायचं होतं. तू चहाचा ग्लास खाली ठेवलास.

"मला नको सांगू. मला माहीत आहे, कधीपासून माहीत आहे ते तुलाही माहीत आहे." मग अगदी साध्या आवाजात, "आईंना सांग. आणि मुक्ताला. ती मला कधी बोलत नाही, पण तिला वाटतं की मी नोकरीपायी तिला बापाशिवाय वाढवली."

मी म्हणालो, सांगतो. तू विचारलंस, कधी? मी म्हणालो, गणपती होऊन जाऊ दे, मुक्ता पुण्याहून येईल, सणात कशाला. तू मान हलवलीस, तुझ्या बाबांनी हलवली होती तशीच. ग्लास परत उचललास, चहा गार झाला म्हणालीस आणि टपरीवाल्याकडून आणखी दोन मागवलेस. परत येताना माझ्या खांद्यावर हात ठेवून बसली होतीस. मला वाटलं, सुटलो.

गणपती झाले. मुक्ता आली, राहिली, गेली. तू एका शब्दानं आठवण केली नाहीस. एकदाच विचारायची तुमची पद्धत. दसरा झाला. मी म्हणत होतो, दिवाळीत. दिवाळीच्या आधी तू गेलीस, भर सकाळी, कामावर निघायची साडी नेसून झाल्यावर. त्याबद्दल मी इथे लिहिणार नाही. माझा हात तुझ्या हातात होता, एवढं आईला सांगितलंय, तेवढंच खरं सांगितलंय.

तुझ्या तेराव्याला जेवणं झाल्यावर बाहेरच्या खोलीत सगळे बसले होते. तुझ्या प्रयोगशाळेतल्या दोघी रडून रडून बोलत होत्या, मॅडमनी कसं शिकवलं ते सांगत होत्या. आत्या डोळे पुसत म्हणाली, गुणाची होती पोर, फक्त नोकरीचा हट्ट केला नसता तर यांचा संसार एका जागी झाला असता. आईनं मान डोलावली. मुक्ता माझ्याकडे बघत होती. मी तिच्या डोळ्यांसमोर पाण्याचा तांब्या उचलून आत नेला. तांबे भरलेलेच होते.

संध्याकाळी भांडी आवरताना ती मला म्हणाली, "बाबा, आईला एकदा तरी वाटलं असेल ना, की आपण जायला हवं होतं?"

मी म्हणालो, माहीत नाही गं.

नंदा, तू असताना मी खोटं बोललो त्यामागे निदान भीती होती. हे कशासाठी बोललो, मला सांगता येत नाही. मला माहीत होतं. तू फोनवर रजेचा नियम वाचून दाखवला होतास, कलमासकट.

आज बसून हे लिहिलं खरं, पण लिहिणं मला सोपं आहे. आयुष्यभर रिपोर्टच लिहिले. आईला आता छापलेलं दिसत नाही, आणि मुक्तानं हे असं कागदावर वाचावं हे बरोबर नाही. तिला ते माझ्या तोंडून ऐकायला हवं, मी समोर बसलेला असताना, म्हणजे तिला माझ्यावर ओरडता येईल. ती शनिवारी येते आहे. आईला ऐकू कमी येतं, तिच्याजवळ ते मोठ्यानं म्हणावं लागेल. खिडक्या उघड्या असतील तर सोसायटीलाही कळेल. कळू दे.

नंदा यायला तयार होती, मी येऊ दिलं नाही. मला परत येता येत होतं, मी आलो नाही. ही दोन वाक्यं मला आईला आणि मुक्ताला सांगायची आहेत. अजून सांगितलेली नाहीत.